बसल्या जागी लागलेला मार

४ जानेवारी

वन्संबाई,

हसले. तूच विचारलंयस म्हणून खरं सांगते, हसले मी. पण आधी डोळे पुसले, मग हसले, आणि तेही तुझ्या दुखण्याला नव्हे. "वहिनी, डॉक्टरबाईंनी मला चार इंग्रजी अक्षरं दिली आहेत," असं लिहिलंस ना, त्याला हसले. अगं, तुझ्या दादाने कॉलेजात एवढी वर्षं बाक झिजवले, तरी नावापुढे लावायची दोन अक्षरं शेवटपर्यंत राहूनच गेली. आणि तू नुसती खुर्चीत बसून चार मिळवलीस! दारावरच्या पाटीवर लावून टाक. आमच्या जावईबुवांच्या नावापुढे नुसतं 'घड्याळजी' आहे, तेवढीच घराची शोभा वाढेल.

पी.टी.एस.डी. म्हणजे काय ते मी औषधाच्या दुकानात जाऊन विचारलं. तुझं नाव काढलं नाही, घाबरू नकोस. म्हटलं, माझ्या एका कोंबडीला झालंय. दुकानदार म्हणाला, "कोंबड्यांना होत नाही हो बाई, माणसांना होतं. मोठा धक्का बसला की प्रसंग संपून जातो, पण अंगाला तो संपल्याचं कळत नाही. लढाईवरून आलेल्या शिपायांना होतं बघा." मी म्हटलं, "आमची कोंबडी कुठे लढाईवर गेली होती? ती तर ऑफिसात कामाला आहे." मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मला बसायला स्टूल दिलं.

तुझं पत्र मी तिथेच पुन्हा वाचलं. तो हॉटेलातला आचारी, पाणी भरलेल्या तळघरात अडकलेला. तुमच्या मदतीच्या नंबरावर त्याने फोन लावला आणि तो तूच उचललास. बंबवाले पोचेपर्यंत त्याला बोलतं ठेवायचं म्हणून तू त्याला विचारत राहिलीस, तो सांगत राहिला, आणि मग सांगायचा थांबला. तू किती वेळ "ऐकताय ना? ऐकताय ना?" म्हणत होतीस ते तू लिहिलं नाहीस. नको लिहूस.

आता फोन हातात धरला की तुझे हात गार पडतात, म्हणून तू तो कपाटात कुलपात टाकलास आणि मला पत्र लिहिलंस. बरं केलंस. आमच्या पोस्टमनला वाटलं, मला कोर्टाची नोटीसच आली. उघडेपर्यंत हलेना. म्हणाला, "बाई, हाताने लिहिलेलं पत्र मी कित्येक दिवसांत कुणाला दिलं नाही." मी म्हटलं, "मग निरखून बघून घे, आणि आता नीघ."

सगळं लिही. भरपूर लिही. मला काय, अंडी गोळा केली की दिवस मोकळाच.

तुझी वहिनी

*

१५ जानेवारी

प्रिय वहिनी,

कोंबडी! शाब्बास! लग्न होऊन आलीस तेव्हा माझ्या वेण्या खुर्चीच्या पाठीला बांधायचीस, तेव्हापासून तुझ्यात काडीचा फरक नाही.

आता इकडचं ऐक. डॉक्टरबाईंनी अक्षरं दिली आणि मी एका दिवसात काचेची झाले. ऑफिसात आमच्या साहेबांनी मला फोनच्या हॉलमधून उचलून जुन्या फायलींच्या खोलीत नेऊन ठेवलं. "तुम्हाला हवा तेवढा आराम करा," म्हणाले. फायलींना आराम करायला माझी काय मदत होणार? मैत्रिणी डबा खायला येतात त्या पाय न वाजवता येतात. परवा एकीला शिंक आली, तर तिने तोंड दाबून माझी माफी मागितली. सासूबाई बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगतात की सूनबाईला सर्दी झाली आहे. एवढ्या दिवसांची सर्दी ऐकून खालच्या बाईंनी मला वाफ घ्यायचं भांडं आणून दिलं.

आणि तुझे जावईबुवा. ते तर सगळ्यांच्या पुढे. मी दचकू नये म्हणून त्यांनी घरातल्या आणि दुकानातल्या सगळ्या घड्याळांचे ठोके बंद केले. म्हणजे आतले ते छोटे हातोडे असतात ना, ते काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत. आमचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत, तुला माहीतच आहे. दिवसभर टोल पडायचे, गजर व्हायचे, एक घड्याळ तर पक्ष्यासारखं ओरडायचं. आता काटे नुसते फिरतात. दाराची बेल काढून टाकली. सासूबाई भांडी घासताना सिंकमध्ये टॉवेल अंथरतात. एवढी माया, वहिनी, आणि माझा मात्र रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. यांचा श्वास चालू आहे का ते बघत पडून राहते.

पण खरी अडचण वेगळीच आहे. मला हे दुखणं घ्यायचा हक्कच नाही असं वाटतं. औषधवाला म्हणाला तेच. शिपायांना होतं, बंबवाल्यांना होतं. ते पाण्यात उतरले, त्यांनी त्याला बाहेर काढलं. मी खुर्चीत होते. माझे पाय कोरडे होते. शेजारी चहाचा कप होता. बसल्या जागी कुणाला मार लागतो का?

तो मला ऑम्लेट कसं करायचं ते सांगत होता. मीच विचारलं होतं. म्हणाला, "ताई, सगळे चुकतात कुठे सांगू? मीठ. मीठ नेहमी," आणि तेवढंच.

तुझी
फायलींच्या खोलीतली

*

२४ जानेवारी

वन्सं,

पाय कोरडे होते म्हणतेस. आणि कान? कान काय शेजारणीचे लावले होते? पाय तुझे खुर्चीखाली होते, पण तू होतीस तळघरात. मला अर्धवट शिकलेलीला हे कळतं आणि तुला फायलींच्या खोलीत बसून कळत नाही? मार लागायला तिथे जावंच लागतं असं कुणी सांगितलं? तुझा दादा दवाखान्यात वारला तेव्हा मी घरी अंड्यांचे ट्रे धुवत होते. निरोप आला, ट्रे हातात होता. अजून ट्रे धुवायला घेतला की दाराकडे बघते. त्याला अक्षरं द्यायला माझ्याकडे कुणी डॉक्टरबाई आली नाही, एवढंच.

जाऊ दे. मी हसवायला बसलेय.

मीठ कधी घालायचं याचा तू घोर लावून घेतलास की काय? ये इकडे, रोज करून दाखवते, आधी घालून, नंतर घालून, विसरून. तुझा दादा विसरलेलंच खायचा आणि "आज बेत झकास" म्हणायचा. त्या आचाऱ्याचं वाक्य अर्धं राहिलं ते त्याचं, वन्सं. पण ते म्हणताना त्याला अंड्याचं सुचत होतं, पाण्याचं नव्हे, हे तू केलंस. मी तिथे असते तर मला पाण्याचंच सुचलं असतं.

जावईबुवांना माझा नमस्कार सांग आणि विचार की काट्यांना मोजे घातले का. नसतील तर मी विणून पाठवते. सासूबाईंना सांग, सर्दी जुनी झाली, आता मलेरिया म्हणा, जरा वजन येतं.

इकडची खबर म्हणजे पोस्टमन आता लांबूनच घंटी वाजवतो. तुझं पत्र आलं की मी मागच्या अंगणात दाण्यांची पाटी उलटी घालून तिच्यावर बसते आणि मोठ्याने वाचते. कोंबड्या जमतात. त्यांना दाणे हवे असतात, पण चेहरे असे करतात की जणू तुझीच काळजी. ती तांबडी आहे ना, ठसक्याची, तिला तुझे साहेब अजिबात आवडले नाहीत. मी वाचलं की तुला फायलीत टाकलं, तर तिने पाटीला चोच मारली.

बरं व्हायची घाई करू नकोस हं. दुखणं आलंय तर ते त्याच्या पावलाने जाईल. फोन काय पळून जातोय? तोवर पत्रं आहेतच.

तुझी वहिनी

*

१० फेब्रुवारी

वहिनी गं,

आज फार मोठी बातमी आहे आणि ती सांगायला मला हसू आवरत नाहीये, म्हणून अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घे.

परवा दुकानात एक निवृत्त हेडमास्तर आले. भिंतीवरचं मोठं घड्याळ दुरुस्तीला टाकलं होतं, ते घरी नेऊन पुन्हा घेऊन आले. म्हणाले, "हे मुकं झालं." आमचे हे म्हणाले, "स्प्रिंगला विश्रांती दिली आहे." हेडमास्तर म्हणाले, "मी आयुष्यभर मुलांच्या सबबी ऐकल्या, त्यातली ही सगळ्यांत वाईट." मग एकापाठोपाठ एक गिऱ्हाईक यायला लागलं. कुणाचा गजर झाला नाही म्हणून गाडी चुकली, कुणाच्या आजोबांच्या गोळ्या राहिल्या. तुझे जावईबुवा लाल झाले. बिस्किटांचा डबा काढला, तर हातोडे सगळे एकमेकांत मिसळलेले. घाईत त्यांनी टेबलावरच्या इवल्याशा घड्याळाला हेडमास्तरांचा हातोडा बसवला. त्याने पहिलाच ठोका असा मारला की स्वतःच टेबलावरून खाली पडलं.

आणि वहिनी, मी दचकले नाही. मी हसले. पोट धरून हसले. हे रडायच्या बेतात, "तुला त्रास झाला का, त्रास झाला का?" आणि मला काही केल्या हसू थांबेना.

डॉक्टरबाईंना हे सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुम्हाला जास्त नकोसं काय वाटतं? फोन वाजणं, की उचलल्यानंतरचं?" मी कधी असा विचारच केला नव्हता. फोन वाजणं नाहीच गं. उचलते, "हॅलो" म्हणते, आणि पलीकडून कुणी बोलेपर्यंतचा तो जो रिकामा वेळ असतो, तो. तिथे माझ्या सगळ्या अंगावर काटा उभा राहतो. आवाजाने नाही, गप्प होण्याने. आणि या सगळ्या मायाळू मंडळींनी मिळून मला काय दिलं? गप्प घर, गप्प ऑफिस, गप्प घड्याळं! सगळी तयारी उलट्या बाजूने.

मी घरी येऊन सांगितलं. हे खाली बसले. मग उठले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्या घड्याळांचे ठोके परत लावले. कुणाची वेळ कुणाशी जुळत नाही, सगळं दुकान आपापल्या मनाने वाजतंय. मी मेल्यासारखी झोपले. सासूबाईंनी सिंकमधला टॉवेल काढला आणि बोलणं हेच औषध असं ठरवून टाकलं. आता त्या मला औषध सकाळ, दुपार, संध्याकाळ देतात. बऱ्याचदा मधल्या वेळीही.

आता महत्त्वाचं. डॉक्टरबाईंनी पुढची पायरी सांगितली. मी कुणा एका माणसाला फोन लावायचा. घरचं माणूस, पण घरात नसलेलं. मी लगेच तुझं नाव घेतलं. मार्चचा पहिला रविवार ठरवलाय, सकाळचा चहा झाला की. यांच्या फोनवरून करीन. तू फक्त उचलायचा आणि लगेच बोलायला लागायचं, बस. तुला हे सांगावं लागतंय म्हणून मला माझंच हसू येतंय. हे नीट पार पडलं तर साहेबांनी कबूल केलंय की सकाळपुरतं मला पुन्हा फोनच्या हॉलमध्ये बसवतील. नाही तर ते माझी जागा भरणार आहेत. मला ती खुर्ची परत हवी आहे, वहिनी. मला त्यातलंच येतं आणि मला ते आवडतं.

जवळ बसून राहा हं फोनच्या.

तुझी वन्सं

*

१९ फेब्रुवारी

वन्सं,

घड्याळाने स्वतःला मारून घेतलं ते मी कोंबड्यांना वाचून दाखवलं. शिंप्यालाही दाखवलं. शेजारचा शिंपी गं, त्याच्या दुकानाची भिंत माझ्या स्वयंपाकघराला लागून आहे. तो हसला तसं त्याच्या मशीनवरच्या पॅन्टचा पाय वाकडा शिवला गेला. गिऱ्हाइकाला म्हणाला, नवीन फॅशन आहे. तुझ्या पत्रांनी गावात धंदे बसायला लागलेत.

फोनचं वाचलं. बरं झालं. छान झालं.

पण मी काय म्हणते, माझा हा फोन तुझ्या दादाचा आहे, त्यात खरखर फार. तू "हॅलो" म्हणशील आणि मी काय बोलले ते कळायचंच नाही, म्हणजे उगाच त्रास. त्यापेक्षा मामांना का करत नाहीस? ते तर ठार बहिरे. तू बोललीस काय, नाही बोललीस काय, ते आपलं त्यांच्या गुडघ्याचं सांगत राहतात. रिकामा वेळ म्हणून सापडायचा नाही. किंवा तुझ्या त्या खालच्या बाई, वाफेच्या भांड्यावाल्या. त्यांना एक फोन तर देणं लागतेस तू.

आणि एवढी घाई कशाला म्हणते मी. एप्रिलात कर. मेमध्ये कर. फोनवर काय बोलतो आपण? बरी आहेस ना, बरी आहे, जेवलीस का, जेवले, ठेवू का, ठेव. पत्रात बघ कसं सगळं येतं, हेडमास्तर येतात, डबा येतो, हातोडा येतो. एवढं फोनवर सांगितलं असतंस तू? मला नाही वाटत.

पण तुझ्या डॉक्टरबाईंनी सांगितलंय म्हटल्यावर माझं कोण ऐकणार. बसेन. केस विंचरून बसेन, नवी साडी नेसून बसेन, शिंप्याला सांगून ठेवेन की रविवारी सकाळी मशीन बंद ठेव, आमच्याकडे मोठ्या माणसाचा फोन आहे. मग तर झालं?

तुझी वहिनी

*

५ मार्च

वहिनी,

तू माणूस आहेस की कोण आहेस!

सगळं क्रमाने सांगते. रविवारी चहा झाला. मी दोन कप घेतले, सासूबाईंनी धीर म्हणून तिसरा दिला. हे शेजारी उभे, हातात ते छोटं घड्याळ, कशासाठी ते त्यांनाच माहीत. मी नंबर लावला. वाजायला लागला. मी मनात म्हटलं, आता उचलेल, आता उचलेल, आणि "मेले, एवढ्या उशिरा का केलास" म्हणेल. वाजून वाजून बंद झाला.

माझे हात गार. पण मी पुन्हा लावला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा वाजत असताना मला वाटलं, झालं, वहिनी पडली. मागच्या पायरीवर पाय घसरला. कोंबड्या भोवती फिरताहेत आणि ती तिथे पडलीय. मला सगळं दिसायलाच लागलं, वहिनी. डोळ्यांपुढे ते तळघर आणि तुझं अंगण एक झालं. हे म्हणाले, "ठेव, ठेव तो फोन, आपण नंतर करू." आणि मी ठेवणारच होते.

पण मग काय झालं माहीत नाही. मी ताठ बसले. आणि माझ्या तोंडातून माझा हॉलमधला आवाज आला. ऐकलायस तू तो आवाज कधी? तुझ्याशी मी तसं कधी बोलले नाहीये. दादाच्या आजारपणात शिंप्याचा नंबर घेतलेला, तो सासूबाईंच्या पर्सच्या कप्प्यात होता. तो लावला. त्याने उचलला. मी म्हटलं, "शेजारच्या बाई फोन उचलत नाहीत. तुम्ही आत्ता उठा, त्यांचं दार वाजवा, उघडलं नाही तर मागून जा. फोन बंद करू नका, तसाच ठेवून जा. मी लाइनवर आहे." तो घाबरून म्हणाला, "हो, साहेब." मला साहेब म्हणाला!

आणि तो गेला. त्याने फोन मशीनवर ठेवला असावा, पावलं लांब जाताना ऐकू आली. मग काहीच नाही.

वहिनी, तो तोच रिकामा वेळ होता. तोच. त्या दिवशीसारखाच. मी कानाशी फोन धरून बसले आणि पलीकडे कुणीच नाही. पण मी ठेवला नाही. मी "ऐकताय ना?" म्हटलं नाही. मला माहीत होतं की माणूस गेलाय आणि परत येणार आहे. मी वाट बघितली. आमच्या दुकानातली घड्याळं आपापली वाजत होती, तेवढाच आधार.

मग पावलं आली. आणि शिंप्याचं हसू आलं, आधी हसू, मग शब्द. "साहेब, बाई ठणठणीत आहेत. मागच्या अंगणात कोंबड्यांशी भांडताहेत. मी हाक मारली तर मला म्हणाल्या, तू मशीन बंद कर आधी!"

मी फोन ठेवला आणि रडले. मोकळी होऊन रडले, वहिनी. त्या दिवसापासून पहिल्यांदा. गप्प झालेला माणूस दर वेळी जात नाही, कधी तो कोंबड्यांशी भांडायला गेलेला असतो. हे मला कुणीही कितीही सांगितलं असतं तरी पटलं नसतं. ते मला कानाने ऐकायला हवं होतं.

डॉक्टरबाईंना सांगितलं, तर त्यांनी ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. म्हणाल्या, "तुमच्या वहिनी मुद्दाम असं करणार नाहीत ना?" मी म्हटलं, तुम्ही माझ्या वहिनीला ओळखत नाही. तिला सगळं कळतं आणि ती सांगत नाही. तिने मला तो रिकामा वेळ सोसायला शिकवलं. खरं की नाही? तू मुद्दामच नाही उचललास ना? शिंप्याला आधीच सांगून ठेवलं होतंस? डॉक्टरबाई म्हणाल्या, जपून हं, असं कुणी ठरवून करू नये, पण त्यांना भेटायला मला आवडेल. हे म्हणतात, वहिनींना एक घड्याळ भेट द्यायचं, सगळ्यांत मोठ्या ठोक्याचं.

सोमवारपासून मी सकाळच्या पाळीला खुर्चीत आहे. पहिला फोन आला तो एका आजींचा, मांजर कपाटावर अडकलं म्हणून. तुला सांगते, मी त्या मांजराला बंबच पाठवणार होते. अजून रात्री कधी कधी जाग येते, आणि पाण्याचा आवाज आला की मन जरा सैरभैर होतं. डॉक्टरबाई म्हणतात, हे राहील, ये-जा करील. राहू दे. अक्षरं चारही माझीच आहेत, आता मला त्यांची लाज वाटत नाही.

आणि आता तुला पत्रांचा त्रास देणार नाही गं. कपाटातून फोन काढलाय. रोज करीन. उचल मात्र.

तुझी वन्सं

*

१२ मार्च

वन्सं,

पत्र वाचून झाल्यावर मी कोंबड्यांना वाचून दाखवलं नाही. पोस्टमन विचारत होता, आज हसू आलं नाही का बाई. त्याला म्हटलं, दाढ दुखतेय.

तू खुर्चीत बसलीस याचा आनंद झाला. खोटं नाही सांगत, फार आनंद झाला. त्या शिंप्याने तर गावभर सांगितलंय की त्याला मुख्य कचेरीतून साहेबांचा फोन आला होता. त्याचा भाव वाढला. आता तो मापं घेताना पण "लाइनवर राहा" म्हणतो.

मांजराला बंब पाठवलास तरी हरकत नव्हती.

तुझा फोन मंगळवारी आला तेव्हा मी उचलला, बुधवारी पण उचलला. आपण बोललो. बरी आहेस ना, बरी आहे. सासूबाई मागून बोलत होत्या. तू म्हणालीस, "वहिनी, त्या दिवसाचं काही बोलत नाहीस," तर मी म्हटलं, खरखर येतेय, ठेवते. खरखर नव्हती. हे मला फोनवर सांगता येणार नाही म्हणून हे पत्र. पत्रात तुला माझं तोंड दिसत नाही आणि तू मधे बोलू शकत नाहीस.

जावईबुवांना सांग घड्याळ पाठवू नका. डॉक्टरबाईंना सांग भेटायला येऊ नका. मी कुणाला काही शिकवलं नाही. शिंप्याला मी काही सांगून ठेवलं नव्हतं, त्याने दार वाजवलं तेव्हा मी मागच्या दाराने अंगणात पळाले आणि कोंबड्यांवर ओरडायला लागले. त्या बिचाऱ्या आपल्या दाणे टिपत होत्या.

रविवारी मी केस विंचरून, नवी साडी नेसून बसले होते. फोन मांडीवर होता. जावईबुवांचं नाव त्यावर दिसत होतं. एकदा वाजला, दोनदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला, मी बघत होते.

तुझा दादा गेल्यापासून मला कुणी काही लिहिलं नव्हतं, वन्सं. मला वाटलं, हिला फोन जमला की पत्रं थांबणार. म्हणून नाही उचलला. तू बरी होऊ नयेस असं मला वाटलं.